आधी आलमारीची जागा, मग पोथीची दुरुस्ती

मे महिन्यात नागपुरात दुपारी बाहेर ४५ अंश तापमान आणि हवेत जेमतेम १५ टक्के आर्द्रता असते. हीच हवा कुलरच्या ओल्या ताट्यांतून घरात आली की खोली साधारण २८ अंशांवर उतरते आणि आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास पोचते. संध्याकाळी कुलर बंद करून खिडक्या उघडल्या की ती पुन्हा धाडकन खाली. माणसाला हे सुखाचं आहे. पण त्याच खोलीतला कागद रोज पाणी पितो आणि रोज सोडतो. कोरड्या हवेत कागदाच्या वजनात ४ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, दमट हवेत ते ८-९ टक्क्यांवर जातं. पुस्तकाचा पुठ्ठा एका वेगाने फुगतो, त्यावरचं कापड दुसऱ्या वेगाने, पाठीवरचं चामडं तिसऱ्या. या ओढाताणीत पुठ्ठे वाकतात, सांधे फाटतात, जुन्या फोटोवरचा जिलेटिनचा थर तडकतो. बंद आलमारीत चढउतार थोडे मंदावतात, थांबत नाहीत.

मग जून येतो. पहिला पाऊस पडून उमस सुरू झाली तरी कुलरचा पंप सुरूच राहतो आणि आर्द्रता ८५च्या वर जाते. बुरशीला ६५ ते ७० टक्के पुरेसे असतात.

म्हणूनच आजोबांच्या हातची पोथी, आजीचं लुगडं किंवा दिवाणखान्यातली जुनी तसबीर घेऊन कुणी संवर्धकाकडे गेलं, तर जाणकार संवर्धक आधी विचारतो की ही वस्तू घरात कुठे असते. हजारो रुपये खर्चून दुरुस्त केलेलं पुस्तक पुन्हा कुलरसमोरच्या त्याच आलमारीत गेलं, तर दोन पावसाळ्यांत ते पुन्हा दुरुस्तीला येतं.

जागा कशी असावी

जागेसाठी फार खर्च लागत नाही. आधी एक डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारं यंत्र, घ्या. काही शे रुपयांत मिळतो. तो भिंतीवर टांगू नका, आलमारीच्या आत ठेवा आणि महिनाभर सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा. ४५ ते ५५ टक्के उत्तम. नागपुरात वर्षभर ते जमणार नाही, पण ३५ ते ६० मध्ये ठेवता आलं आणि एका दिवसात फार उड्या पडल्या नाहीत, तर बरंच साधलं.

आलमारी बाहेरच्या भिंतीला, बाथरूमच्या भिंतीला किंवा कुलरच्या झोतात नको. भिंतीपासून किमान १० सेंटिमीटर आणि जमिनीपासून १५ सेंटिमीटर अंतर ठेवा. मागे हवा खेळली नाही तर पावसाळ्यात भिंतीचा ओलावा पत्र्यावर साचतो. गच्चीखालची खोली टाळाच. उन्हाळ्यात स्लॅब तापून तिथे रात्रीही उष्णता उतरत नाही, आणि ढोबळ हिशोब असा की तापमान दर ५ अंशांनी वाढलं की कागदाचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. माळ्यावरच्या ट्रंकेतली पुस्तकं मधल्या खोलीतल्या पुस्तकांच्या मानाने फार लवकर पिवळी पडतात, ती याच कारणाने. तळमजल्यावरची, घराच्या मधोमध असलेली, खिडकी नसलेली खोली मिळाली तर सोनं.

लाकडी कपाटापेक्षा भट्टीत रंग भाजलेलं स्टीलचं कपाट बरं. प्लायवूड आणि सागवान दोन्ही थोडी आम्लं सोडतात, आणि वाळवीला लाकडातून कागदाकडे जायला वाट मिळते.

उन्हं दाखवण्याच्या प्रथेबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. पावसाळ्याआधी पोथ्या आणि लुगडी गच्चीवर वाळत घालायची पद्धत वऱ्हाडात आणि इकडे दोन्हीकडे आहे. ओल घालवण्याचा हेतू बरोबर आहे, ऊन चुकीचं. मे महिन्याच्या उन्हातली अतिनील किरणं रंग उडवतात आणि कागदाचे तंतू तोडतात. झालेलं नुकसान भरून येत नाही, साचत जातं. हवा दाखवायचीच तर ऑक्टोबर संपल्यावर, पाऊस पूर्ण ओसरल्यावर, घरातच सावलीत दोन-तीन तास दाखवा. भिंतीवर लावलेल्या चित्रांनाही हाच नियम आहे. संग्रहालयात कागद आणि कापडावर प्रकाश ५० लक्सच्या वर जाऊ देत नाहीत. खिडकीजवळच्या भिंतीवर दिवसा सहज हजार लक्स पडतो, म्हणजे वीस पट वेगाने रंग जातो.

कागद आतून का मरतो

आपल्याकडच्या जुन्या पोथ्यांचा हातकागद जुनी कापडं आणि तागाच्या लगद्यापासून व्हायचा. त्यात लांब तंतू असतात, आम्ल कमी असतं. दोनशे वर्षांची पोथी आजही दुमडली तर तुटत नाही, आणि १९४०-५०चं छापील पुस्तक मात्र पान उलटताच कोपऱ्यातून मोडतं. हे उलटं वाटतं, पण कारण सरळ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कागद लाकडाच्या लगद्याचा झाला आणि शाई पसरू नये म्हणून त्यात तुरटी आणि राळ घालू लागले. तुरटीतून दमट हवेत आम्ल तयार होतं. लाकडातलं लिग्निनही कुजताना आम्ल सोडतं. आम्ल सेल्युलोजच्या साखळ्या कापतं, त्या कापण्यातून आणखी आम्ल होतं. अशा पानाचा पीएच ४ ते ५ भरतो. चांगल्या कागदाचा ७ ते ८.५ असतो.

ही आतली आग विझवण्याला निराम्लीकरण म्हणतात. ती कशी विझवतात ते पुढे येईलच. पण आधी घरगुती दुरुस्त्यांबद्दल, कारण कार्यशाळेत येणाऱ्या कामाचा मोठा भाग वयाने झालेल्या नुकसानीचा नसतो, आधीच्या दुरुस्तीने झालेल्या नुकसानीचा असतो.

सेलोटेप लावल्यावर पहिली काही वर्षं काही दिसत नाही. मग त्याचा डिंक पातळ होऊन कागदात मुरतो, पिवळा-तपकिरी होतो, वरची पट्टी गळून पडते आणि खालचा डाग कायमचा राहतो. शाई त्या डिंकात विरघळून पसरते. पट्टी अजून ताजी असेल तर संवर्धक गरम पात्याने ती हळूहळू उचलतो आणि डिंक रबराने काढतो. मुरलेला डिंक मात्र ॲसिटोन किंवा इथाइल ॲसिटेटसारख्या द्रावकांनी, कापसाच्या बोळ्याने, हवा ओढणाऱ्या पंख्याखाली काढावा लागतो. एका पानाला अर्धा दिवस सहज जातो. म्हणून पान फाटलं असेल तर तुकडा लिफाफ्यात जपा, चिकटवू नका.

लॅमिनेशन याहून वाईट. झेरॉक्सच्या दुकानात होतं ते उष्णतेने प्लास्टिक वितळवून कागदाच्या तंतूंत घुसवणं असतं. आम्ल आत कोंडलं जातं, आणि बाहेर काढायचा सुरक्षित मार्ग बहुतेक वेळा नसतो. जुने दस्तऐवज, लग्नपत्रिका, कुंडल्या, शाळेचे दाखले अशा सगळ्यांची यात वाट लागली आहे. याला पर्याय म्हणजे पॉलिएस्टरच्या दोन पारदर्शक पातळ तावांमध्ये कागद मोकळा ठेवून फक्त कडा सील करणं. कडा कापली की कागद बाहेर. मात्र आम्लयुक्त कागद निराम्लीकरण न करता असा बंद केला तर तो आत आणखी लवकर खराब होतो, हे बऱ्याच ठिकाणी विसरलं जातं.

नेहमीच्या बाइंडरकडे जुनं पुस्तक दिलं तर तीन गोष्टी होतात. तो जुजबंदी शिलाई, म्हणजे पानांच्या जुड्या घडीतून शिवलेली, उसवून पुन्हा घालण्याऐवजी कडेने आरपार टाके घालतो, त्यामुळे पुस्तक पुन्हा कधीच पूर्ण उघडत नाही आणि ठिसूळ पानं टाक्याच्या रेषेवर तुटतात. कटिंग मशीनवर कडा सारख्या करतो, त्यात समासातल्या नोंदी जातात. आणि पाठीला फेविकॉलसारखा पांढरा गोंद लावतो, जो वाळल्यावर पाण्याने सुटत नाही. मैद्याची लई वापरली तरी तिच्यात किडीसाठी मोरचूद घातलेलं असतं. मोरचुदातलं तांबं सेल्युलोज कुजण्याची क्रिया वेगाने करतं, म्हणून जुन्या बांधणीच्या पाठीलगतची पानं तपकिरी झालेली दिसतात. बाइंडरचा यात दोष नाही. त्याचं काम शाळेची पुस्तकं वर्षभर टिकवण्याचं आहे, आणि ते तो चोख करतो.

कार्यशाळेत प्रत्यक्ष काय होतं

संवर्धनाचे दोन नियम सगळीकडे पाळले जातात. जे कराल ते नंतर उलटवता आलं पाहिजे, आणि गरजेपेक्षा जास्त करायचं नाही. त्यामुळे पुस्तक नव्यासारखं दिसेल अशी अपेक्षा धरून गेलात तर निराशा होईल. डाग राहतील, पिवळेपणा काही प्रमाणात राहील. पान मात्र हाताळता येईल.

पहिलं काम स्थितीचा अहवाल. प्रत्येक पानाचा फोटो, शेजारी रंगपट्टी आणि मोजपट्टी. कुठे भोक, कुठे डाग, कुठे आधीची चिकटपट्टी हे नकाशासारखं नोंदवतात. पानं मोजून कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने क्रमांक टाकतात, पेनाने कधीच नाही. सुट्या पानांच्या पोथीत हे सोडलं तर पुढे क्रम लावणं अशक्य होतं, कारण पोथीची प्रत लिहिणारा अनेकदा समासातल्या आद्याक्षरांनी क्रम दाखवतो आणि ती अक्षरंच कुरतडलेली असतात.

दुसरं, कोरडी सफाई. मऊ ब्रशने मध्यापासून कडेकडे, नंतर व्हल्कनाइझ्ड रबराच्या स्पंजने किंवा किसलेल्या व्हिनाइल खोडरबराच्या चुऱ्याने. धूळ ही नुसती धूळ नसते; ती पाणी ओढते आणि बुरशीला खाऊ देते. पेन्सिलीच्या नोंदी असल्या तर चुरा तिथे फिरवत नाहीत.

तिसरं, शाईची चाचणी. इथे चूक झाली तर अक्षरं वाहून जातात. प्रत्येक रंगाच्या शाईवर पाण्याचा एक बारीक थेंब ठेवून कापसाच्या बोळ्याने टिपतात. मोडी कागदांवरची काजळाची शाई प्रकाशाला कणखर असते, पण डिंकात कालवलेली असल्यामुळे पाण्याने सुटू शकते. इंग्रजी अमलातल्या सरकारी कागदांवर, खरेदीखतांवर आणि पत्रांवर बहुधा लोहाची शाई असते. ती लिहिताना निळसर-काळी, नंतर तपकिरी होते आणि शेवटी कागद खाते; अक्षरांच्या जागी जाळी पडलेली दिसते. ती ओळखायला एक चाचणीपट्टी असते, जी ओली करून शाईला लावल्यावर सुटं लोह असेल तर गुलाबी होते. असं पान साध्या पाण्यात घातलं तर ते लोह शेजारच्या कोऱ्या भागात पसरतं आणि खाण्याचं काम तिथेही सुरू होतं. म्हणून आधी कॅल्शियम फायटेटच्या द्रावणाने लोह बांधतात, मगच पुढचं काम.

शाई टिकणारी असेल तर पानं धुतात. पान पॉलिएस्टरच्या न विणलेल्या जाळीवर ठेवून उथळ ट्रेमध्ये उतरवतात. पाणी निःक्षारित केलेलं आणि त्यात थोडं कॅल्शियम हायड्रॉक्साइड, पीएच ८ ते ८.५. अर्ध्या तासात पाणी चहाच्या रंगाचं होतं. तोच कागदातला विरघळलेला कुजका अंश आणि आम्ल. पाणी पिवळं येईनासं होईपर्यंत बदलत राहतात. शेवटच्या धुण्यात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचं जे द्रावण वापरतात, ते तंतूंत १ ते २ टक्के कार्बोनेट सोडून जातं. पुढे हवेतून आम्ल आलं तर ते आधी या साठ्याशी भिडतं. हेच ते निराम्लीकरण. नळाचं किंवा बोअरचं पाणी चालत नाही, कारण त्यातलं क्लोरिन आणि लोह कागदात राहतं.

मग फाटलेली जागा. त्यासाठी जपानी कागद वापरतात. कोझो झाडाच्या सालीचा, लांब तंतूंचा, ३ ते १० ग्रॅम प्रति चौरस मीटर इतका पातळ. तो कात्रीने कापत नाहीत. पाण्याच्या ब्रशने रेघ मारून ओढतात, त्यामुळे कडेला मऊ तंतू सुटतात आणि जोड डोळ्यांना व बोटाला जाणवत नाही. फाटीपेक्षा पट्टी दोन्ही बाजूंना २-३ मिलिमीटर रुंद. खळ गव्हाच्या स्टार्चची, म्हणजे कुरडयांसाठी काढतो तसा गव्हाचा चीक, पण त्यातलं ग्लुटेन धुऊन पूर्ण काढलेला. मैद्यात ते राहतं, म्हणून मैद्याची लई वाळून ताठर होते आणि कसरीला आवडते. प्रमाण एक भाग स्टार्चला चार ते पाच भाग शुद्ध पाणी. तासभर भिजवून मंद आचेवर अर्धा-पाऊण तास सतत ढवळतात, पांढरा रंग जाऊन अर्धपारदर्शक होईपर्यंत. थंड झाल्यावर बारीक चाळणीतून तीनदा गाळतात आणि पाणी घालून दह्याइतकी सैल करतात. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकते, वास आला की फेकायची. टिकवण्यासाठी त्यात काही घालत नाहीत.

पट्टी बसवली की वर पॉलिएस्टरची जाळी, टिपकागद, काच आणि वजन. दहा-पंधरा मिनिटांनी टिपकागद बदलायचा, नाहीतर ओल एका ठिकाणी राहून पान कुरळं होतं. रात्रभर वाळू देतात. नागपुरात एप्रिल-मेमध्ये इथेच अडचण येते. कोरड्या हवेत खळ कडेने आधी वाळते, मध्ये ओली राहते आणि पट्टीभोवती सुरकुत्या येतात. म्हणून हे काम सप्टेंबर ते फेब्रुवारीत घेतलेलं बरं, किंवा आर्द्रता बांधलेल्या बंद खोलीत. उन्हाळ्यात कुणी आठवड्यात पुस्तक देतो म्हणालं तर दोनदा विचार करा.

किडीचं काय

नागपुरी घरांत कागदाला तीन गोष्टी लागतात. कसर वरचा थर चाटते, म्हणून अक्षरांवर ओरखडे आणि खळीच्या जागी उघडे डाग दिसतात. भुंगेऱ्यांच्या अळ्या पुस्तकात गोल बोगदे पोखरतात आणि खाली बारीक भुकटी पडते. वाळवी मातीच्या नळ्या करून भिंतीतून येते आणि बाहेरचं आवरण शाबूत ठेवून आतलं सगळं खाते. पहिल्या दोघांवर उपाय घरातही आहे. पुस्तक जाड पॉलिथिनच्या पिशवीत घाला, हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर दव जमतं. फ्रिजचा वरचा बर्फाचा कप्पा चालत नाही, त्याचं तापमान वारंवार वर-खाली होतं. रंगवलेली चित्रं, काचेच्या निगेटिव्ह, हस्तिदंत आणि लाखेचं काम फ्रीझरमध्ये घालू नका. वाळवीला फ्रीझर काही करत नाही, कारण तिचं घर भिंतीत असतं; तिथे पेस्ट कंट्रोलच लागतं, पण फवारा कागदावर पडता कामा नये.

डांबर गोळ्यांचा वास माणसाला अपायकारक आहे. कीड त्या मारतात ती फक्त अगदी बंद जागेत आणि भरपूर प्रमाणात असल्या तरच. वेखंडाची पुरचुंडी बासनाच्या, म्हणजे पोथी गुंडाळायच्या कापडाच्या, बाहेर ठेवायला हरकत नाही. त्याने कीड थोडी लांब राहते, मरत नाही. कडुलिंबाची पानं पोथीच्या पानांत घालू नका, तपकिरी छाप उठतो आणि पानातला ओलावा कागदात जातो. बासन सुती, बिनरंगाचं आणि दोनदा धुऊन कांजी काढलेलं असावं. लाल बासन जुनं आणि सुंदर असलं तरी पावसाळ्यात त्याचा रंग उतरतो. ते जपायचं तर वेगळं जपा.

एक सावधगिरी. काही जुन्या पोथ्यांचा कागद पिवळाधमक असतो किंवा चुकीची अक्षरं पिवळ्या रंगाने झाकलेली असतात. तो बहुधा हरताळ, म्हणजे आर्सेनिकचं संयुग. कसर लागत नाही ती त्यामुळेच. हाताळल्यावर साबणाने हात धुवा आणि पान उलटताना बोट जिभेला लावायची सवय सोडा.

फोटो, तसबिरी, लुगडी, मूर्ती

काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. पावसाळ्यात जिलेटिन मऊ होऊन काचेला धरतं आणि ओढलं की चेहरा काचेवरच राहतो. काचेसकट आधी स्कॅन करून घ्या. ऐंशीच्या दशकातले चिकट पानांचे अल्बम रिकामे करा. डिंक पिवळा पडून फोटोला मागून खातो. बिनमेणाचा दातांचा धागा फोटोखाली हळूहळू करवतीसारखा फिरवला तर बरेच सुटतात. पुढे पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची पाकिटं वापरा. पीव्हीसीची नकोत, नव्या प्लास्टिकचा उग्र वास आला तर ती पीव्हीसीचीच समजा.

रविवर्मा प्रेस १८९४ साली मुंबईत सुरू झाला, आणि त्याची देवादिकांची चित्रं विदर्भातल्या देवघरांतही पोचली. काही घरांत त्यावर जरी आणि टिकल्या शिवलेल्या सापडतात. त्या काढू नका, तोही त्या चित्राचा इतिहास आहे. या तसबिरींचं खरं नुकसान मागच्या लाकडी फळीने होतं. तिच्यातलं आम्ल कागदात उतरून फळ्यांच्या सांध्यांच्या तपकिरी रेघा चित्रावर उमटतात. चौकट तीच ठेवा, मागची फळी बदलून आम्लमुक्त बोर्ड घाला आणि चित्र व काच यांत ३-४ मिलिमीटर अंतर राहील असा माउंट लावा. तैलचित्रावर बटाटा, कांदा किंवा ओलं फडकं फिरवण्याचे सल्ले इंटरनेटवर भरपूर आहेत. स्टार्च आणि पाणी तड्यांत शिरतं आणि रंगाचे पापुद्रे सुटतात.

करवती किनारीचं टसर, जरीचा शेला, नऊवारी लुगडं यांना घडी मारते. घडीच्या रेषेवर रेशीम तुटतं आणि जरीची तार मोडते. साधारण ८-१० सेंटिमीटर व्यासाच्या नळीवर मलमल गुंडाळून त्यावर कापड सैल गुंडाळा. जागा नसेल तर घडीत मलमलीचे गुंडाळे भरा आणि सहा महिन्यांनी घडीची रेषा बदला. प्लास्टिकच्या पिशवीत नको. काळवंडलेली जरी पॉलिशने घासू नका. वरचा मुलामा अगदी पातळ असतो.

पितळी देवांच्या बाबतीत थोडक्यात. रोजच्या पूजेतली मूर्ती घासली जाणारच, तो तिच्या जगण्याचा भाग आहे. जुनी, कोरीव, पूजेत नसलेली मूर्ती मात्र चिंचेने किंवा पावडरीने घासू नका, दरवेळी नाकडोळे थोडे झिजतात. फिकट हिरवी, भुसभुशीत पूड ठिपक्यांनी दिसली तर ती वेगळी ठेवा. तो क्लोराइडचा रोग आहे आणि दमट हवेत वाढत जातो. संवर्धक पूड यांत्रिकपणे काढून बेंझोट्रायझोलच्या द्रावणात मूर्ती भिजवतो.

पाणी घरात शिरलं तर

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली आणि आसपासच्या वस्त्यांत तळमजल्यावरची घरं भरली. अशा वेळी कागदाला ४८ तास मिळतात. त्यानंतर बुरशी धरते.

चिखलाने माखलेलं पुस्तक उघडू नका. बंद धरून स्वच्छ पाण्याच्या बादलीत हलकं हलवून चिखल सुटू द्या. घासलं तर गाळ तंतूंत जातो. मजबूत पुस्तकांनाच हे करा. हाताने लिहिलेली वही आणि पोथी धुऊ नका. मग पुस्तक उभं ठेवून पाणी निथळू द्या, आणि दर २०-२५ पानांनी बिनछपाईचा कोरा न्यूजप्रिंट घालत जा. दर दोन-तीन तासांनी कागद बदला. पंखा खोलीत फिरता असावा, पुस्तकावर रोखलेला नको. ऊन, इस्त्री आणि हेअर ड्रायर तिन्ही टाळा.

गुळगुळीत चकचकीत पानांची पुस्तकं आणि मासिकं वाळू लागली की एकमेकांना विटेसारखी चिकटतात, मग ती सोडवता येत नाहीत. ती ओली असतानाच गोठवा. पुस्तकं जास्त असतील तर सगळ्यांसाठीच गोठवणं हा सर्वात शहाणपणाचा मार्ग. गोठल्यावर वेळ थांबतो आणि दोन महिन्यांनी दहा-दहा काढून काम करता येतं. प्रत्येक पुस्तक मेणकागदात गुंडाळून, पाठ खाली करून, दुधाच्या क्रेटमध्ये एका ओळीत लावा. शीतगृह निवडताना तापमान विचारा. संत्र्यांचं शीतगृह शून्याच्या वर चालतं, तिथे बुरशी मंदावते, थांबत नाही. आइस्क्रीम साठवणारं उणे १८ अंशांचं हवं. जलद वाळवण्यासाठी निर्वात गोठशोषण नावाची पद्धत आहे, बर्फाची थेट वाफ करणारी, पण ती यंत्रं मोठ्या संस्थांकडेच असतात. फ्लॉरेन्समध्ये नोव्हेंबर १९६६ मध्ये आर्नो नदीचं पाणी ग्रंथालयात शिरलं आणि आजच्या ग्रंथसंवर्धनाचा बराचसा अनुभव त्या चिखलातून आला.

ओले फोटो एकमेकांवर वाळू देऊ नका. थंड स्वच्छ पाण्यात सुटे करून, चित्राची बाजू वर ठेवून, जाळीवर वाळवा. पाण्यात दोन दिवसांपेक्षा जास्त राहिले तर जिलेटिन सुटतं.

बुरशी आलीच तर ती ओली असताना पुसू नका, पसरते. एन-९५ मास्क लावा, वस्तू वेगळ्या खोलीत नेऊन कोरडी होऊ द्या, आणि भुकटीसारखी झाल्यावर मऊ ब्रशने हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमच्या तोंडाशी झटका.

कुणाकडे द्यायचं

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे, इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेची केंद्रं काही शहरांत आहेत, आणि लखनऊला १९७६ पासूनची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा. नागपुरात अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ पासून उभा आहे आणि राज्य पुराभिलेखाचं कार्यालयही आहे. कोणती वस्तू काय मोलाची आणि कुणाकडे न्यावी, हे विचारण्याची सुरुवात इथून करता येते.

काम देण्याआधी लेखी मागा: स्थितीचा अहवाल, काय करणार, कोणता कागद आणि कोणती खळ, ते पुन्हा काढता येईल का, आणि कामाआधीचे व नंतरचे फोटो. 'आमची स्वतःची गुप्त पावडर आहे' असं उत्तर मिळालं तर वस्तू उचलून घरी या. खर्च पानांच्या संख्येवर, शाईवर आणि आधीच्या चिकटपट्ट्यांवर ठरतो. सगळं करणं परवडत नसेल तर आम्लमुक्त पुठ्ठ्याची मापाची पेटी करून घ्या. कमी पैशात सर्वात जास्त उपयोग तिचाच होतो.

नेताना पोथी दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, सुती फितीने बांधून, आडवी. रेल्वेने नेलीत तर डब्यात स्वतःजवळ ठेवा. उन्हाळ्यात गाडीच्या डिक्कीत तापमान सहज ६० अंशांच्या वर जातं. परत आणल्यावर पेटी एक दिवस न उघडता खोलीत राहू द्या.

पहिल्या पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी उघडून पाहा. हवाबंद डब्यात सिलिका जेल वापरणार असाल तर ५० लिटरच्या डब्याला साधारण १ किलो लागतं. बुटाच्या खोक्यातल्या पुड्यांनी काही होत नाही. नारिंगी दाणे हिरवे झाले की ते भिजले. ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून, थंड करून पुन्हा घाला. आतला हायग्रोमीटर ४५च्या खाली गेला तर थोडं जेल काढून घ्या, आणि कुलरचा पंप जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून बंद.